लिफ्टमध्ये न मावलेली ट्रॉली

प्रिय बारक्या,

तुझे फोन उचलले नाहीत म्हणून धुसफुसत असशील. उचलला असता तर तू बोलत सुटला असतास आणि मी नेहमीसारखी विरघळले असते, म्हणून लिहायला बसलेय. आधी घरचं सांगते. आईचा खुबा जास्तच दुखतोय. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते आणि परत यायला मला हाक मारते. हट्ट मात्र तोच, ऑपरेशन करीन तर माझ्या लेकाच्या हॉस्पिटलात, पहिली पेशंट मीच. पिशवी भरून दाराशी ठेवलीय, तुझ्या नर्सेससाठी बिस्किटांचे पुडेसुद्धा घातले होते.

तुझं हॉस्पिटल बघून माझा ऊर भरून आला, हे आत्ताच लिहून ठेवते, पुढचं वाचून विसरशील. माझ्या बाहुलीचं पोट फाडून कापूस काढणारा कार्टा तू, आणि आता तुझं स्वतःचं ऑपरेशन थिएटर. तू भाऊ म्हणून मी तुझ्या परवानगीच्या तपासणीतून बाजूला झाले, खात्यातल्या साहेबांना तसं सांगितलं. माझ्या जागी गेलेला सहकारी परत आला तो हसतच. ताईंच्या भावाचं हॉस्पिटल, त्यात बघायचं काय, म्हणाला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

माझी खोड तुला ठाऊक आहे. नवं हॉस्पिटल तपासायला गेले की मी स्वतः ट्रॉलीवर आडवी होते आणि थिएटरपासून रस्त्यापर्यंत न्या म्हणते. खात्यात मला त्यावरून झोपाळू मॅडम म्हणतात. म्हणू देत बापडे. परवा हॉस्पिटल बघायच्या निमित्ताने आले तेव्हा तुझ्याकडेही तेच केलं. तुझी बायको खो खो हसत होती, तूही. लिफ्टपाशी सगळ्यांचं हसू थांबलं. ट्रॉली आत जाईना. तू म्हणालास, डोक्याकडची बाजू उभी करू, पेशंट बसून जाईल. इथेच तुझं घोडं पेंड खातंय. भूल न उतरलेला माणूस बसून कसा जाईल? रक्त जाणारी बाळंतीण कशी जाईल? मग मी जिन्याने न्या म्हटलं. वळणावर ट्रॉली कलली, मी घसरले, वॉर्डबॉयने मनगट धरलं म्हणून वाचले. मनगटावर अजून वळ आहे. तू पांढराफटक पडला होतास, तरी म्हणालास, ताई, सहा महिन्यांत भिंत फोडून मोठी लिफ्ट बसवतो, आत्ता अडवू नकोस, नेमलेल्या माणसांना मी काय तोंड दाखवू. तू शब्दाचा पक्का आहेस, मला माहितेय. पण त्या सहा महिन्यांत त्या वळणावर कोण आडवं असेल, हे तुला तरी माहितेय का?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने मला झाप झाप झापलं. सख्ख्या भावाच्या पायात पाय घालतेस, म्हणाली. मग विचारलं, तू घसरलीस ते त्याने बघितलं का. हो म्हटलं. त्यावर खुबा चोळत राहिली.

तर आता नीट वाच. जे झालं ते आज मी साहेबांना लेखी दिलं. तुझी परवानगी थांबलीय. आदेश सोमवारी येईल. परक्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र, आजच तुझ्या दाराखालून सरकवून जाईन. बेल वाजवायचं धाडस नाही माझ्यात. शिव्या घालायच्या त्या मला घाल, त्या सहकाऱ्याला नको. आईसाठी मी दुसरीकडे खाट मिळवली होती, पण ती जायला तयार नाही. म्हणते, त्याची लिफ्ट होईपर्यंत थांबेन. पुडे आम्ही फोडून खाल्ले, पिशवी मात्र तिने दारातून हलवू दिली नाही. भिंत लवकर फोड, बारक्या. तिला आता बसवतही नाही.

तुझीच,
भांडली तरी तुझीच असलेली ताई