भावाचा रकाना

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अखेर कारखाना सोडला. आठ वर्षं दुसऱ्याच्या शर्टांचं कापड बेतलं, आता एक तारखेपासून स्वतःचं दुकान. बाजारामागे खोली मिळाली आहे. खिडकी मोठी आहे, कापडाचा खरा रंग दिसतो.

नोकरीबरोबर कारखान्याचा आरोग्य विमाही गेला. एजंट दहा लाखांचा घ्या म्हणतो, मी तीनवर अडून बसले आहे. फरकाच्या हप्त्यांत काजं करायचं मशीन येतं, आणि मला धाड भरली आहे का? फॉर्ममध्ये भावंडांचे आजारही विचारलेत. तुझ्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं. 'ठणठणीत, पण चिडका' लिहायला जागा पुरली नाही. सोमवारी देऊन टाकते.

वहिनीने तुझे दोन शर्ट आत घ्यायला पाठवलेत. छातीत चक्क दोन इंच? या वयात हिरो व्हायचं खूळ कुठून शिरलं?

लोभ दुहेरी शिवणीसारखा पक्का असावा, ही विनंती.

तुझी मिरची

ता. ७ जून

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

फॉर्म दिला नसशील तर थांब, दिला असशील तर परत माग. माझ्या रकान्यात लिही: हृदयविकार, वय त्रेचाळीस.

मार्चमध्ये ट्रेनिंगला गेलो म्हणून कळवलं, तेव्हा नऊ दिवस हॉस्पिटलात होतो. वहिनीला मीच शपथ घातली होती. तुझा राजीनामा लिहून तयार होता. कळलं असतं तर तू तो फाडला असतास आणि जन्मभर कारखान्यात कापड बेतत राहिली असतीस. डॉक्टर म्हणाले होते, धाकट्या भावंडांना तपासून घ्यायला सांगा. ते सांगायला तीन महिने जीभ रेटली नाही. चुकलो.

विमा किती, ते तूच ठरव. पण उसवून वाढवता यावं म्हणून तू शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडतेस ना? विम्याचं तसं नसतं. आजार झाल्यावर वाढवायला गेलं तर कोणी दारात उभं करत नाही. माझ्यामुळे तुझा हप्ता वाढेल, याचं वाईट वाटतं.

हवं तेवढं रागाव, पण आधी तपासून घे. राग ओसरला की लोभ असू द्यावा.

तुझा दादा

ता. २० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग तुला मनसोक्त शिव्या घातल्या. तपासण्या झाल्या. माझं हृदय चांगलं आहे, तुझ्यासारखं लपवाछपवी करणारं नाही. वर्षातून एकदा दाखवायला सांगितलंय.

एजंट हळूच म्हणाला, भावाचं कोण बघायला येतंय, राहू द्या 'काही नाही'. मी ते खोडून तुझा आजार लिहिला. हप्ता वाढलाच, तरी विमा दहाचाच घेतला. काजं हाताने करीन. आणि हो, राजीनामा मी फाडलाच असता. तुझं बरोबर निघालं, याचाच जास्त राग येतो.

शर्ट पार्सलने पाठवत नाही. मापं घेणं हा माझा धंदा, आणि सख्ख्या भावाची छाती दोन इंच उतरली तर मी थट्टा करत बसले. रविवारी टेप घेऊन येते. यापुढे तुझं माप मीच घेणार, चिठ्ठीवर लिहून आलेलं चालणार नाही.

लोभ आहेच, तो राहू दे. तूही राहा.

मिरची