आईच्या आवाजासाठी लॅपटॉप

११ एप्रिल
दिल्लीहून परतलो. आईची जीभ का जडावते ते डॉक्टरांनी सांगितलं — म्हणजे जवळजवळ सांगितलं. 'ज़्यादातर यही लगता है.' नसांचा आजार. औषध नाही. आधी बोलणं जाईल, मग गिळणं. पुढचं मी नीट ऐकलंच नाही. निघताना म्हणाले, आवाज रेकॉर्ड करून ठेवा. हल्ली कम्प्युटर पेशंटच्याच आवाजात बोलतो. पण आत्ता करा.
जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेली बाई! येताना गाडीत एवढंच बोलली — 'थर्मास विसरू नकोस, तनू.' थर्मासमधला र घसरला. तिलाही कळलं. खिडकीकडे तोंड केलं.

१३ एप्रिल
तो आवाजाचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चढतच नाही. वर त्याचा पंखा आटाचक्कीसारखा घरघरतो. नवा घ्यावा लागणार. उद्याच जयेंद्रगंजच्या कम्प्युटर-बाजारात जाऊन बघते.

१४ एप्रिल
केदारदादाचा बंगळूरहून फोन. 'थांब, तनू. दिवाळीपर्यंत नव्या चिपवाले येतायत. आवाज मशीनमध्येच तयार होईल, आणि मराठीतसुद्धा. आत्ताचे सगळे हिंदीवर अडकलेत. आज घेशील तर कबाड़ घेशील.'
कम्प्युटर हे त्याचं रोजचं काम आहे. त्याला कळतं. मला चिप म्हणजे बटाट्याचे!
बाबा फोनजवळच बसले होते. (वीजखात्यातून रिटायर झाले, पण अजून फ्रिज घ्यायला दोन उन्हाळे लावतात.) म्हणाले, 'केदार म्हणतोय तर थांबू या. घाई कशाची आहे?'
विचारलं आणि स्वतःच उठून आत गेले.

१५ एप्रिल
दुकानदारही म्हणाला — 'मैडम, दो-चार महीने रुक सकती हैं तो रुक जाइए.' स्वतःचा माल न विकणारा दुकानदार आजच भेटायचा होता!

१९ एप्रिल
ऑफिसात गरिमाला सांगितलं. 'ले ले यार, सोच क्या रही है?' तिला सोपं आहे. मला मराठीचं अडतंय. आई बाहेर हिंदीत भांडते, पण घरात मराठीत बोलते. आवाज राहिला आणि भाषा गेली तर? आयुष्यभर आम्हाला हिंदीत 'खाना खा लो' म्हणणार?
आईला सरळ विचारलं — आत्ता घेऊ की थांबू? ती मेथी निवडत होती. म्हणाली, 'तुम्ही दोघं ठरवा.' असं ती कधीच म्हणत नाही.

२६ एप्रिल
दादाने तीन लिंका पाठवल्या. वाचल्या. काही ठरलं नाही.

२ मे
आज संध्याकाळी आईने इंदूरला मावशीच्या लँडलाइनवर फोन लावला. स्वतः. पुष्कळ दिवसांनी. मी शेजारीच होते. तिकडून मावशी — 'कौन?' आई बोलली. मावशी पुन्हा — 'कौन बोल रहा है? आवाज़ साफ़ नहीं आ रही.' आईने परत नाव सांगितलं, स्वतःचं — वनमाला. तेही फुटलं. मावशीने 'रॉंग नंबर' म्हणून ठेवून दिला.
सख्खी बहीण!
आईने फोन खाली ठेवला आणि भेंडी चिरायला बसली. मी लावून देते म्हटलं, तर मान हलवली.

३ मे
घेऊन आले. दुकानात होता त्यातला बरा. दादाला विचारलं नाही, नंतर कळवलं. त्याने मॉडेल विचारलं. मग म्हणाला, 'ठीक आहे. प्रोग्राम मी इथून चढवून देतो.' दिवाळीपर्यंत आई थांबणार आहे का, हे आम्हा दोघांनाही विचारायचं नव्हतं. तेवढंच होतं.

५ मे
सुरुवात. पडद्यावर वाक्य येतं, आईने वाचायचं. 'नाविक ने नीली पतंग उड़ाई.' आई थांबली. 'हे काय वाक्य आहे? नाविक पतंग कशाला उडवेल?' बाबा माईक धरून बसले होते, हसायला लागले. किती दिवसांनी!
दादाने युक्ती सांगितली — मराठीचा आवाज तयार होणार नाही, पण अख्खी वाक्यं तिच्या तोंडची जशीच्या तशी ठेवता येतील. बटण दाबलं की तेच वाक्य. मग आईने आपली वाक्यं स्वतः ठरवली. 'गॅस बंद केलास का?' 'हरभरे भिजत घातलेत?' 'तनू, केस बांध.' 'अहो, ऐकता का?' — हे चार वेगवेगळ्या सुरांत. 'प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे,' म्हणाली. बाबांना चारही अर्थ ठाऊक आहेत.

९ मे
लू सुरू झाली, बाहेर भाजणारे वारे. कूलर लावला की रेकॉर्डिंग बिघडतं, म्हणून बंद करून बसतो. तिघंही घामाने निथळतो. आईची मात्र तक्रार नाही. वर्गावर असल्यासारखी सलग बोलते.

१८ मे
रविवार. सगळी रेकॉर्डिंग ऐकत बसले, वाईट झालेली काढून टाकायला. काहीतरी विचित्र आहे.
'हरभरे' आईने बरेचदा म्हटलंय. बैठकीच्या सुरुवातीला स्वच्छ — दोन्ही र ठणठणीत. बोलत गेली की लिबलिबीत होत जातं. शेवटी तर शब्दच कळत नाही. पण दुपारी ती झोपून उठते आणि पुन्हा पहिलं वाक्य — स्वच्छ! रोज असंच.
जाणारा आवाज परत कसा येईल?
दिल्लीनंतर घरात ती मोजकंच बोलते. इतका वेळ सलग तिला कोणी बोलायलाच लावलं नव्हतं. आणि दिल्लीला आम्ही प्रवास करून, रांगेत बसून, थकून पोचलो होतो. ताजी आई डॉक्टरांनी ऐकलीच नाही.
बाबांना ऐकवलं. म्हणाले, 'उगीच आशा लावून घेऊ नकोस.' मग म्हणाले, 'परत लाव.'

१९ मे
दिल्लीचे डॉक्टर फोनवर आले. सांगितलं. 'आराम के बाद साफ़? पक्का?' रेकॉर्डिंग पाठवायला सांगितली. सकाळची, नंतरची, झोपेनंतरची. संध्याकाळी त्यांचाच फोन — 'माताजी को लेकर आइए. एक ख़ून की जाँच रह गई है.'
आईला फक्त तपासणी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. शिक्षिका आहे, खोटं पकडते.

२२ मे
दिल्ली. रक्त दिलं. डॉक्टरांनी आईला मोठ्याने आकडे म्हणायला लावले, आवाज बसेपर्यंत. मग विश्रांती. मग पुन्हा. ते सतत लिहीत होते. केदारदादा थेट विमानाने आला होता. बाहेर आम्ही दोघं बाकावर बसलो. म्हणाला, 'मी थांब म्हणत होतो.' मी म्हटलं, 'मीसुद्धा थांबलेच होते की.'

३० मे
रिपोर्ट नाही.

६ जून
रिपोर्ट आला. तो आजार नव्हेच. दुसरा आजार आहे — यात स्नायू थकतात, मरत नाहीत. औषध आहे. आजपासून गोळ्या. मी विचारलं, बोलणं? डॉक्टर म्हणाले, 'अरे, बरसों बोलेंगी.'
बाबा तिथेच, सगळ्यांसमोर, रडले.