खणातली तार

परभणी, १३ एप्रिल १९५४

तीर्थरूप व्यंकटीदादा, धाकट्या सुग्रीवचं तुमच्या पायावर डोकं.

आई गेल्याची तुमची तार मला आज मिळाली. कचेरीत ती गुरुवारीच आली होती. मी रजा टाकून कॉलेजची परीक्षा द्यायलो होतो. पोराचं वर्ष बुडू नये म्हणून हेडक्लार्क अप्पारावांनी ती खणात ठेवली. लय मायेचा माणूस हाय, भांडू तरी कसं?

काल पेपर संपले. आज कामावर आलो अन् सगळ्यांना पेढे वाटले. एकट्या अप्पारावांनी घेतला न्हाई. मान खाली घालून त्यांनी खण उघडला.

डोकं इथंच भादरलं. सगळी रजा परीक्षेत सरली, म्हणून दहाव्यालाच येता येईल. आईमागं आपले बापू जेवायलेत का?

त्यांना तार उशिरा पोचली म्हणा. पेढ्यांचं सांगू नका.

तुमचा,
सुग्रीव