पिवळी गाठ

४ मार्च
आले एकदाची! यार्डाच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारले, कोणाकडे आलात? नवी सुरक्षा अधिकारी, म्हटल्यावर त्याने माझ्या मागे पाहिले, अधिकारी मागून येतोय की काय म्हणून. आईला फोनवर सांगितले तर ती हसायची थांबेना. घरातली पहिली पदवी तुझी, आता पहिली खुर्चीही तुझी, म्हणाली. खुर्चीचा एक पाय लंगडा आहे हे मी सांगितले नाही. तिने घेऊन दिलेला पिवळा स्कार्फ मात्र मिरवला.

काम असे आहे: गंजलेल्या लोखंडी टाक्या आतून साफ करायच्या. होसच्या जाड नळीतून दाबाच्या हवेबरोबर टणक चुरा सुटतो आणि गंज सोलून काढतो. माणसालाही सोलेल. म्हणून अंगात जाड सूट, डोक्यावर हवेची नळी जोडलेला टोप, आणि होसच्या तोंडाशी एक दांडी. ती दाबून धरली तरच मारा चालतो. हात सुटला की बंद. माणूस कोसळला तरी यंत्र थांबावे म्हणून. किती साधी आणि शहाणी गोष्ट! मी त्या दांडीचे मोठे चित्र काढून भिंतीवर लावले.

७ मार्च
यार्डातले सर्वांत जुने कामगार वाळूकाका. वाळूचा मारा करत तेव्हापासूनचे, म्हणून हे नाव. मला मास्तरीणबाई म्हणतात. चित्रासमोर उभे राहून म्हणाले, दांडी इतकी देखणी काढलीस, आता स्थळं बघायला लाग तिच्यासाठी. सगळे खो खो हसले, मीही. बाकीचे मला पाहून गप्प होतात. काकांनी बाकावर सरकून जागा दिली.

११ मार्च
काकांची दांडी तारेने दाबून बांधलेली दिसली. मी काम थांबवले. त्यांनी बाजूला नेऊन हातमोजा काढला. बोटांचे सांधे सुजलेले, मूठ मिटत नाही. साहेबांना कळलं तर घरी बसवतील बाळ, म्हणाले. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, तेवढे ढकलू दे.

तार हातमोजा कापत होती. मी स्कार्फची पट्टी फाडली आणि स्वतःच बांधली, आई गोणीचे तोंड बांधते तशी, दुहेरी फास देऊन. आजच्यापुरती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तपासणीच्या तक्त्यावर मी लिहिले: दांडी ठीक. खाली सही.

१८ मार्च
रोज सकाळी काका पट्टी घेऊन येतात. मी बांधते. सही करते. चित्राकडे बघत नाही.

२१ मार्च
काका टाकीत पडले. चक्कर आली असावी. मारा थांबला नाही. पंपवाला हवा बंद करेपर्यंत होस टाकीत थैमान घालत होता, आणि काका खाली. टोपाची काच—
लिहवत नाही.

२३ मार्च
चौकशी. गाठ कोणी मारली, साहेबांनी विचारले. मला माहीत नाही, मी म्हणाले. मग म्हाताऱ्याचाच मूर्खपणा, असे म्हणून त्यांनी तसे लिहून घेतले.

बाहेर काकांच्या बायको, काकी, कोऱ्या कपाळाने बसल्या होत्या. ह्यांना गाठ मारता येतच नव्हती गं, म्हणाल्या. बुटाची नाडीसुद्धा मी बांधायचे. मग ही मारली कोणी?

माझ्या गळ्यात स्कार्फ नव्हता. तरी हात तिथे गेला.

२६ मार्च
सकाळी खोलीतला नळ वाहत होता. दाबून धरला तरच चालतो तो. तोटीला पिवळी पट्टी. दुहेरी फास.
काकांची गंजाने काळी पडलेली पट्टी तर चौकशीच्या मोहोरबंद पाकिटात आहे.

२७ मार्च
भर दुपारी, हवा बंद, तरी टाकीतून हिस्स. पंपवाला म्हणतो, ताई, तुमचे कान वाजताहेत. आत डोकावले. होस निपचित. खुंटीवर काकांचा फुटका टोप. त्यात श्वास. आत. बाहेर. आत—

२८ मार्च
भिंतीवरच्या चित्रातल्या दांडीला पिवळी गाठ. मी रंगवली नाही. पेटीतला स्कार्फ रोज चार बोटे कमी होतोय.

२९ मार्च
उद्या माझ्या जबाबावर सही. मग ठपका कायमचा काकांच्या माथी, आणि माझी खुर्ची शाबूत. आईने विचारले, आवाज असा का येतोय? सर्दी, म्हणाले. खरे सांगितले तर ती शेजाऱ्यांना काय—

३० मार्च
जबाब समोर. पेन उचलले. बोटांभोवती पट्टी. पेनासकट. कोणी बांधली—
सोडते तर हात सुटत नाही.
जबाबातले "माहीत नाही" खोडले. हाताने. मी नाही. खाली लिहिले, गाठ मी मारली. आता तोच हात इथे—
गाठ मी मारली. रोज. अकरा तारखेपासून. गाठ मी—
खोलीत हिस्स. तोंडावर चुरा. गरम.
काका, लिहिले ना, सगळे लिहिले, आता तरी थांबा—
थांबत नाही. थांबायची सोय मीच बांधून टाक