बाविसाव्या ओळीपुढचं उणे

देवखेडी,
९ ऑक्टोबर २०२२

ती. इंदिराआत्यास,
विनीताचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते, असं घरात सांगितलंय. खरं तर हे फोनवर माझ्याच्याने बोलवलं नसतं.

आमच्या गल्लीत नर्मदेच्या पाण्याची लाइन आली. दिवाळीच्या आत देऊ म्हणाले होते, दिली. फक्त शेजारच्या शारदाताईंच्या दारापाशी खोदकाम थांबलं आणि त्यांच्या पलीकडच्या घरापासून पुन्हा सुरू झालं. ठेकेदार त्यांना म्हणतो, लिस्ट में नाम नहीं है, आंटी. साठी उलटलेली एकटी बाई रोज टँकरमागे बादली घेऊन उभी असते.

ती लिस्ट कुठून आली ते मला माहीत आहे. जुलैच्या नगर परिषदेच्या निवडणुकीत पार्टीने मला पन्ना प्रमुख केलं होतं. म्हणजे मतदार यादीचं एक पान, तीस नावं. प्रत्येकाला भेटायचं आणि मत आपलं असेल तर नावापुढे पेन्सिलने अधिक, नसेल तर उणे करायचं. सगळे म्हणाले, अरे भाभी, अपन तो अपने ही हैं. तुझं नाव अजून इथल्याच यादीत, म्हणून तुझ्याकडेही आले होते. तूही हो गं म्हणालीस. शारदाताई तेवढ्या म्हणाल्या, बघू.

तीसच्या तीस अधिक दिले तर आमचे उमेदवार विजयजी, त्यांना पान खोटं वाटेल, असं मनात आलं. बाविसाव्या ओळीत शारदाताई होत्या. तिथे उणे केलं. विजयजी पार्षद, म्हणजे नगरसेवक झाले, पण आमच्या बूथवर मागे पडले. तेव्हापासून ते पान त्यांनी जपून ठेवलंय, नळांची लिस्टही त्यावरूनच केली.

माझ्या पलकला नगर परिषदेत कॉम्प्युटरवरचं काम त्यांच्याच शब्दावर मिळालं. अजून कच्चं आहे, मार्चमध्ये पक्कं होईल. काय करू, कळव. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

तुझी,
विनीता

स्नेहलतागंज,
१६ ऑक्टोबर २०२२

चि. विनीतास,
आत्याचे अ. उ. आ.

तेल लावते. गुडघेही आता कानांसारखेच माझं ऐकत नाहीत.

मी तुझ्या विजयजींना मत दिलेलं नाही. तुला हो म्हटलं, कारण एवढ्या उन्हात रिक्षा करून आली होतीस आणि तोंड सुकलं होतं. आपण होळकरांच्या फौजेबरोबर आलेली माणसं. गादीवर जो बसेल त्याला मुजरा करायचा, एवढंच राजकारण आपल्या घराला ठाऊक. मी आधी सासरे सांगतील तिथे मत दिलं, मग नवरा, मग मुलगा. त्र्याऐंशीव्या वर्षी वाटलं, एकदा आपलं बोट आपण न्यावं.

मतदानाच्या दिवशी तू बाहेर पार्टीच्या टेबलापाशी होतीस, म्हणून शारदाने मला हात धरून आत नेलं. रांगेत ती माझ्या बऱ्या कानाशी म्हणाली, आयुष्यभर दुसरीकडे दिलं, पण या वेळी विनीताच्याच माणसाला देते. तिचं पान आहे, तिची मान खाली जायला नको.

ते उणे माझ्या नावापुढे कर, बाई. शारदाचं पुसून टाक. उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या

देवखेडी,
६ नोव्हेंबर २०२२

ती. आत्यास, सा. न.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन विजयजींकडे गेले. त्यांनी चहा मागवला, पलकची चौकशी केली. मी म्हटलं, शारदाताईंपुढचं उणे चुकीचं पडलंय, त्यांनी तुम्हालाच मत दिलं. ते हसून म्हणाले, हो सकता है, भाभीजी. मग वो वोट गया किसका, ते सांगा, आत्ता बदलू. नंतर सहज म्हणाले, अपने घर का तो नहीं ना?

मी नाही म्हटलं. तुझं नाव ओठांपर्यंत आलं होतं, पण मार्च आठवला. त्यांनी पान पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी चहा संपवून उठले. तुला राग येईल. मला येतो आहे, पण तो घेऊन कुठे जायचं ते कळत नाही.

काल शारदाताई आल्या होत्या. दिवाळीचे अनारसे थोडे राहिले होते, ते पलकसाठी आणले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग संकोचाने म्हणाल्या, तुझी विजयजींकडे ओळख आहे, माझ्या नळासाठी एक शब्द टाकशील का. काय चुकलं माझं, तेवढं तरी विचार.

मी हो म्हटलं.

यापुढे या विषयावर लिहू नकोस, घरात पत्रं सगळे वाचतात. माझ्यावरची माया आटली असेल तर तेही लिहू नकोस.

विनीता