फक्त अक्कासाठी

विकास नगर, लखनौ
४ जून २०२५

ती. अक्कास, भास्करचा शि. सा. न.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. डॉक्टरांनी जास्त बोलायला बंदी केली आहे. चार वाक्यं सलग बोललो की खोकल्याची उबळ येते, आणि तुला कमी ऐकू येतं म्हणून फोनवर ओरडावं लागतं. तेव्हा आपली जुनी टपालाची सोयच बरी. निवृत्त माणसाला वेळच वेळ.

निरंजनने तुला सगळं कळवलंच असेल, पण मुलं आईबापाचं आजारपण असं सांगतात की ऐकणाऱ्याचाच अर्धा जीव जावा. म्हणून मी सांगतो. मेच्या सुरुवातीला साधा ताप आला. पाचव्या दिवशी जिना चढताना मधल्याच पायरीवर बसलो तो उठवेना. दोन्ही फुप्फुसांत व्हायरल न्यूमोनिया. अकरा दिवस हॉस्पिटल, त्यातले चार आयसीयूमध्ये, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्या चार दिवसांबद्दल मालिनीला विचारू नकोस.

डॉ. शर्मिष्ठा म्हणून बाई आहेत, निरंजनच्याच वयाच्या. घरी सोडताना त्यांनी मला माझाच सीटी स्कॅन समजावून दिला. फुप्फुस हवेनं भरलेलं असलं की काळं दिसतं म्हणे. माझ्या फुप्फुसांत खाली पांढरट धूसरपणा होता, जानेवारीत इथल्या खिडक्यांच्या काचा होतात तसा. विषाणू गेला, पण त्याच्याशी लढताना शरीरानं जो धुमाकूळ घातला त्याची ही सूज. ती उतरायला स्टेरॉइड. रोज चार गोळ्या दोन आठवडे, मग तीन, मग दोन, मग एक. आपल्या मनानं एकही गाळायची नाही, असं त्यांनी मला दोनदा आणि मालिनीला तीनदा बजावलं. माणसं ओळखतात बाई.

आता खरं दुःख ऐक. या गोळ्यांनी साखर वाढते. माझी आधीच काठावर होती, ती सरळ दोनशे ऐंशीवर गेली. आणि नेमकी परवा इर्शाद मियाँची पेटी आली. मी बँकेच्या मलिहाबाद शाखेत मॅनेजर होतो तेव्हापासूनची दोस्ती. त्यांच्या बागेतली पहिली दशहरी दर जूनला आमच्याकडे येते. पेटी आतल्या खोलीत आहे आणि खोलीला कुलूप आहे. वास मात्र कुलपाला जुमानत नाही. तू म्हणशील, हापूस सोडून बाकीच्यांना आंबा म्हणतात कशाला. म्हण बापडी.

तुझ्या गुडघ्यांना जप. जसा आहे तसा लोभ ठेव, पथ्य फक्त मलाच पुरे.

तुझा
भास्कर

*

लांजा
१० जून २०२५

चि. भास्करास, अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर सरळ आलेलं पाहून जीव भांड्यात पडला. हॉस्पिटलातून सही केलेला जो कागद निरंजनने फोटोत दाखवला होता, त्यातली सही तुझी आहे हे मला पटलंच नव्हतं.

ते अकरा दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. शेजारची अवनी रोज सकाळी येऊन फोनवरचा निरोप वाचून दाखवायची. ती फाटकातून आत येताना तिचा चेहरा पाहायची माझी हिंमत होत नसे. मी पायांकडे पाहायची. पाय पटपट येत असले तर बरी बातमी.

म्हणून सांगते, डॉक्टरीणबाई म्हणतील ते ब्रह्मवाक्य. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, तेव्हा तुझ्यासारखे खूप पाहिलेत. मान हलवायची आणि मनाचं करायचं. दशहरीबद्दल मी काही लिहीत नाही, आजारी माणसाला दुखवू नये. पुढच्या मेमध्ये इकडे ये, आंबा काय असतो ते दाखवते.

मालिनीला सांग, तिनंही जेवत जावं. तू धडधाकट राहिलास तर माझ्या मायेला तोटा नाही, नाहीतर कान धरायला तिथवर येईन.

तुझी
अक्का

*

विकास नगर
१४ जून २०२५

ती. अक्कास, शि. सा. न.

तुझं पत्र मालिनीला वाचून दाखवलं. तिनं सांगितलंय की ती जेवते. माझी साखर एकशे साठवर आली आहे. मालिनी भिजवलेल्या मेथीदाण्यांना श्रेय देते आणि कॉलनीभर त्याचा प्रचार चालला आहे. निरंजन दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, वृंदावन योजनेतून येतो आणि माझ्याकडे शाळेच्या इन्स्पेक्टरासारखा पाहून जातो. ऊन मी म्हणतंय. बाकी सगळं ठीक. आशीर्वादाचा हात तेवढा डोक्यावर असू दे.

भास्कर

(आत घडी घातलेली चिठ्ठी)

फक्त अक्कासाठी.

मी नोकरीला इथे आलो तेव्हापासून ही आतली चिठ्ठी चालू आहे. बाहेरचं पत्र बाबा सगळ्या घराला वाचून दाखवायचे, आणि चिठ्ठी तू पदरात लपवायचीस. प्रमोशनच्या परीक्षेत नापास झालो ते तुलाच कळलं, मालिनी पसंत आहे तेही आधी तुलाच. चाळीस वर्षांत एक चिठ्ठी फुटली नाही. ही पण फुटू देऊ नकोस.

मेथीदाण्यांनी काही झालेलं नाही. साखरेचं मूळ गोळ्यांत होतं, ते मी काढून टाकलं. आठ तारखेपासून स्टेरॉइड बंद. मालिनी रोज हातावर तीन गोळ्या ठेवते, मी पाणी पितो आणि गोळ्या मोगऱ्याच्या कुंडीत जातात. श्वास सुधारला होता, मग कशाला ते विष? आता रोज गच्चीवर एक दशहरी. किल्ली कुठे असते ते तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.

थोडी मरगळ आहे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, अन्नावर वासना नाही आणि खोकला पुन्हा डोकावतो. पण पारा बेचाळीसवर आहे, इथली उन्हाची लू कुणाला सोडते? चार दिवसांत बरं वाटेल. वाचून फाडून टाक.

भा.

*

लांजा
२१ जून २०२५

चि. सौ. मालिनीस, अ. उ. आ.

काल अवनीकडून तुझ्या फोनवर एका चिठ्ठीचा फोटो पाठवला, तो तू पाहिलास हे तिनं मला दाखवलं. त्या फोटोबरोबर दोन शब्द लिहायला हवे होते, ते आता लिहिते.

भास्कर मला चिठ्ठ्या लिहितो हे तुला लग्नापासून ठाऊक असणार. तू कधी विचारलं नाहीस, हा तुझा मोठेपणा. त्यांत तुझ्याविरुद्ध कधी काही नव्हतं, एवढं सांगते. सगळ्या जपून ठेवल्यात, एकही फाडली नाही, ही पण नाही.

काल ती वाचली तेव्हा आधी हसू आलं. लहानपणी औषधाचा चमचा तुळशीत ओतणारा हाच. मग पुढे अंधारी आणि खोकल्याचं वाचलं आणि पुन्हा ते अवनीचे पाय आठवले. त्यानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर फोडायचं म्हणजे पुन्हा तो मला मनातलं काही लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. या वयात मला त्याच्या चिठ्ठीखेरीज दुसरं कुणाचं काय येतं? पण भावाचा विश्वास गेला तरी चालेल, भाऊ राहू दे.

त्याला माझं नाव खुशाल सांग. तुझ्यावर राग नको, माझ्यावर येऊ दे. तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तो काही पत्राच्या शेवटी लिहायला नको.

तुझी
अक्का

*

विकास नगर
२४ जुलै २०२५

ती. वन्सं यांस, मालिनीचा सा. न. वि. वि.

महिनाभर मी तुम्हाला नुसते दोन ओळींचे मेसेज पाठवले, त्याची क्षमा करा. घाईत अर्धवट काही लिहायचं नव्हतं.

तुमचा फोटो आला तेव्हा मी पोळ्या करत होते. वाचला, गॅस बंद केला आणि ह्यांना म्हटलं की चला, तपासणीचं बोलावणं आलंय. डॉक्टरांनी ह्यांना कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला, रक्तदाब नव्वदच्याही खाली. स्कॅन केला तर ओसरत आलेला तो पांढरेपणा परत आलेला, आधीपेक्षा दोन बोटं वर. बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, म्हणून ते हळूहळूच उतरवायचं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. अजून चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे मी विचारलं, तर त्या लगेच भरतीचा कागद लिहायला लागल्या. पाच दिवस ठेवून घेतलं. गोळ्या पुन्हा चारपासून सुरू, साखरेला इन्सुलिन. आता गोळी ह्यांच्या जिभेवर मी ठेवते आणि तोंड उघडून दाखवायला लावते.

हॉस्पिटलात ह्यांनी विचारलं की कळलं कसं. मी फोटो दाखवला. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तुमचं नाव घरात निघालं नाही. टपाल आलं की बघायचे आणि न बोलता बाजूला ठेवायचे. वन्सं, खरं सांगते, मला ह्यांच्या छातीपेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटत होती.

परवा पुन्हा तपासणी होती. आदल्या दिवशी स्कॅन झाला होता. डॉक्टरांनी ह्यांच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि सहज विचारलं की अंकलजी, दवा बंद क्यों की थी. झालं. हे सुरू झाले, इथल्या शुद्ध हिंदीत. दवाचं राहिलं बाजूला. एक सख्खी बहीण असते, तिच्यावर चाळीस वर्षं विश्वास टाकावा आणि तिनं आपलं गुपित फोनवर उघडं करावं, हे कोणत्या शास्त्रात बसतं? तुमच्या शाळेतल्या छडीपासून हापूसच्या गर्वापर्यंत सगळं निघालं. मी लाजेनं अर्धी झाले, बाहेर दहा पेशंट बसलेले. पण डॉक्टर थांबवीनात. त्या ह्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, बोटावरच्या आकड्याकडे बघत होत्या. मग मीही बघायला लागले. हे एका दमात बोलत होते, वन्सं. ना खोकला, ना मध्ये थांबणं. आकडा सत्त्याण्णव होता आणि तुमचा उद्धार संपेपर्यंत सत्त्याण्णवच राहिला.

मग त्यांनी स्क्रीनवर स्कॅन उघडला. दोन्ही बाजू काळ्याभोर. उजवीकडे खाली एक बारीक रेघ आहे, ती व्रणासारखी राहील म्हणाल्या, तिचा त्रास नाही. आणि हसून म्हणाल्या की स्कॅन नसता तरी चाललं असतं, आत्ता जे ऐकलं तेवढं पुरे.

बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि रडले. आजारपणात नव्हते रडले, ते तिथे. ह्यांना वाटलं मला त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटलं. माझ्या शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले की आत जे बोललो ते अक्काला कळवू नकोस, तिला उगीच लागेल, जगात तेवढी एकच आहे माझी.

मी बरं म्हटलं, आणि आज ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेल्यावर हे लिहायला बसले. आम्हा दोघांनाही तुमच्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू नका.

तुमची
मालिनी