न थांबणाऱ्या यंत्राची खुशाली

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातलेला). मामींचे गुडघे काय म्हणतात? आम्ही सगळे मजेत आहोत, आणि जिच्या खुशालीसाठी तुम्ही खरी वाट पाहता ती गोष्टही मजेत आहे. यंत्र अजून थांबलेलं नाही.

येत्या रविवारी निवृत्तीच्या समारंभात तुम्ही तुमचा संख्यांचा नियम आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मांडणार, म्हणून तर मी घरातला जुना कॉम्प्युटर त्याच्या मागे लावला. एकेक संख्या घ्यायची, ती नियम पाळते का बघायचं. पाळला तर पुढे, मोडला तर थांबायचं. म्हणजे यंत्र थांबलं तर नियम खोटा, आणि नियम खरा असेल तर ते कधीच थांबणार नाही. हे मी तुमच्या भाचेसुनेला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण काहीतरी न होण्याची वाट बघतोय?" (तिला पहिल्या फटक्यात कळलं. मला त्याच विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागली होती.) तेव्हापासून ती यंत्रावर मोजे वाळत घालते, कारण घरात कायम तापलेली तीच एक वस्तू आहे (मला सोडून, असं तिचं म्हणणं).

मध्ये इस्त्रीसाठी तिने प्लग काढला. पडदा काळा! नियम मोडला, की नुसती वीज गेली? प्लगचं कळल्यावर आनंदाने मी तिला मिठीच मारली. इस्त्री तिच्या हातातच होती, त्याची खूण माझ्या कोपरावर आहे.

ऑफिसातही चर्चा आहे (विम्याच्या धंद्यात आमचं पोट शक्यतेवरच चालतं). साहेबांनी विचारलं, यंत्र थांबायची शक्यता किती? मी म्हटलं, याचं सांगता येत नाही. पण नाणं उडवून छापा-काट्याने प्रोग्रॅम लिहीत गेलं, तर तसला अंदाधुंद प्रोग्रॅम कधीतरी थांबण्याची शक्यता हा शून्य आणि एकच्या मधला एक ठरलेला आकडा असतो. तो नक्की आहे, पण तो पुरता काढायची रीत कुणाकडे नाही, असणारही नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्या बढतीच्या तारखेसारखा." सगळे हसले. मीही हसलो, साहेब होते.

चालू यंत्र म्हणजे सिद्धता नव्हे, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण पडद्यावर तपासण्यांचा वाढता आकडा बघत चहा प्यायला की दिवस बरा जातो. मला फार बरं वाटतं, मामा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. भाषणातलं "माझ्या भाच्याच्या यंत्राने कोट्यवधी संख्या तपासल्या" हे वाक्य कृपा करून गाळा. (पत्र खरं तर एवढ्यासाठीच.) काल मोजे उचलताना सहज प्रोग्रॅम वाचला. 'पुढच्या संख्येकडे जा' ही आज्ञा मी लिहिलीच नव्हती. इतके महिने यंत्र कोट्यवधी वेळा सुरुवातीची सात हीच संख्या तपासत बसलं आहे. साताबद्दल मात्र बेधडक बोला.

ता. क. २. चूक सुधारून आज सकाळी पुन्हा सुरू केलं. बाहेरून बघाल तर काहीएक फरक दिसत नाही. थांबलं तर मी लगेच फोन करीन. फोन येत नाही तोवर नियम उभा आहे असं समजा. पण न येणाऱ्या फोनची वाट किती बघायची, हे कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा मधूनमधून तुम्हीच फोन करत जा. यंत्राचं नाही विचारलंत तरी चालेल.